तयार मालावर बसू नये

"ऊठ."

मालक दारातूनच गरजला आणि खुर्च्यांच्या त्या कारखान्यातले तिन्ही रंधे एकदम थांबले. गादी शिवणारी मात्र उठली नाही. तिला आठवा लागलेला. हातात सुई, मांडीवर कापड, आणि बूड थेट नव्या ऑर्डरच्या पहिल्या तयार खुर्चीत. डोक्यावर पाटी, मालकाच्याच हातची: तयार मालावर बसू नये.

"मालक, ही खुर्ची..."

"खुर्ची माझी आहे. ऊठ म्हटलं ना?"

तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, मालकाकडे पाहिलं, आणि बसूनच राहिली. मालकाचा राग साधासुधा नव्हता. तो भडकला की पॉलिशचा वाससुद्धा जीव मुठीत धरून खिडकीबाहेर पळे.

"मी समोर उभा, आणि ही राणीसारखी बसलीय."

म्हातारा सुतार पुढे झाला. "मालक, तिला जरा..."

"काका, वकिली नको. बसायची एवढी हौस? उद्यापासून हिचं स्टूल बंद. आणि तू, या खुर्चीबद्दल पुन्हा एक अक्षर काढलंस तर बाळंतपणानंतर इथं तोंड दाखवू नकोस."

एवढं बोलून तो तरातरा निघून गेला. तिला ही नोकरी हवी होती. घरात लवकरच एक तोंड वाढणार होतं. तिने ओठ शिवून घेतले, अगदी दुहेरी टाक्याने.

ऑर्डर दोनशे खुर्च्यांची होती, एका प्रसूतिगृहाची. तपासणीला येणाऱ्या पोटुशा बायका बाहेर थांबतात, त्यांच्यासाठी. खुर्चीचा आराखडा मालकाने स्वतः काढलेला, घरच्या डुलकी काढायच्या खुर्चीवरून. बैठक बुटकी आणि खोल, हात बारीक. "बाई एकदा बसली की तिला उठावंसं वाटता कामा नये," असं तो छाती फुगवून सांगे.

आणि त्या दोनशे खुर्च्यांच्या गाद्या शिवणारी उभी. सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभी. दवाखान्यातून तिला एक पत्रक मिळालं होतं. शेवटच्या महिन्यांत पाय सुजतील, पाठ भरून येईल, छातीत जळजळेल, बाळ हातपाय झाडेल. तेव्हा पाय उंच करून निवांत बसावं. पत्रकात सगळं होतं, फक्त मालक नव्हता. तिने त्याची घडी घालून तिच्यात टाचण्या खोचल्या.

पहिल्या आठवड्यात तिच्या चपला तिला होईनात. दुसऱ्यात नवऱ्याच्या पुरेनात. तिसऱ्यात सासऱ्यांनी आपले बागकामाचे बूट काढून दिले आणि ते बिचारे अनवाणी झाडांना पाणी घालू लागले. बाळाचं तर विचारूच नका. ती बैठकीचं माप घ्यायला वाकली की ते आतून अशी लाथ मारी की टेप उडून सुताराच्या चष्म्यावर जाऊन बसे.

"पोराला माप पटलेलं दिसत नाही," सुतार म्हणाला.

"पोराला तरी बोलायची सोय आहे, काका," ती म्हणाली.

नववा लागला आणि प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाई माल पाहायला आल्या. त्यांनी कापडावरून बोट फिरवलं, शिवण उलटून पाहिली. मग त्यांची नजर त्या बुटांवर गेली.

"हिला बसवा खुर्चीत. माझ्या बायका अशाच तर असतात."

मालकाच्या आवाजात पाक उतरला. "अगं, बस ना. उभी कशाला?"

"पाटी आहे, मालक."

"पाटी राहू दे गं. खुर्ची आपलीच आहे."

ती बसली. महिनाभराची कंबर गादीत विसावली. तिने क्षणभर डोळे मिटले. मालकाने आजूबाजूला पाहत मिशीला हात लावला.

"छान. आता ऊठ," मेट्रनबाई म्हणाल्या.

तिने हातांवर जोर दिला. बारीक हात करकरले. बूट जमिनीपासून वीतभर उचलले गेले आणि बैठकीने तिला आणखी आत ओढलं. कुणी काही सांगायच्या आत सुतार धावला, मागून पॉलिशवाल्या दोघी आल्या. एकीने पाठ धरली, दोघांनी एकेक दंड. एक, दोन, तीन, आणि ती उभी.

"तुम्हाला सवय दिसतेय," मेट्रनबाई म्हणाल्या. सुतार छताकडे बघू लागला. "माझ्याकडे रोज चाळीस बायका येतात. प्रत्येकीला उपसायला तीन-तीन माणसं कुठून आणू? नकोत मला या खुर्च्या. एकही नको."

त्या गेल्या. मालकाचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला.

"महिनाभर या खुर्च्यांवर हात फिरवलास. एकदा सांगता आलं नाही तुला?"

"पहिल्याच दिवशी सांगत होते," कमरेवर हात ठेवत ती म्हणाली. "तुम्ही ऊठ म्हणालात ना, तेव्हा मी बसले नव्हते, मालक. अडकले होते."