उत्तरं कोणी द्यायची

नर्सने प्रश्न लेकीला विचारला आणि उत्तर आईने दिलं.

“कामात मन लागतं का?”

“न लागायला काय झालं? आमच्या बेकरीतले सगळे केक हीच सजवते.”

नर्सने कागदावर खूण केली. लेक शेजारी बसली होती, गळ्यातला रुमाल हनुवटीपर्यंत ओढून. पीसीओएस. पाळी चार-चार महिने गायब, अंग सुटलेलं, हनुवटीवर केस. त्यासाठी तर आणलं होतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या दुखण्यात मनही खचतं, आधी हा कागद भरा. मनाचं हे खूळ मध्येच कुठून निघालं, आईला काही कळेना.

“झोप लागते?”

“ढाराढूर! उठवून उठवून माझा घसा बसतो.”

“लोकांत मिसळणं नकोसं वाटतं?”

“चार केसांपायी गल्ल्यावर यायची बंद झालीये. मला मेलीला सहा आहेत. मी लपवते का तोंड?”

नर्सला हसू आलं. लेकीला नाही.

समोर गिऱ्हाईक असो की शाळेतल्या बाई, पोरीने तोंड उघडायच्या आत आई तिचं वाक्य पुरं करून मोकळी. तेवढीच पोरीची दगदग वाचते, असं तिला मनापासून वाटे.

“आपण नसतो तर बरं झालं असतं, असं—”

“छे! आमच्या घरात असलं कुणी—”

“रोज वाटतं,” लेक म्हणाली.

आवाज एवढासा. आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“मला का नाही बोललीस?”

“दोनदा आले होते सांगायला. तू म्हणालीस, तोंड धू, बरं वाटेल.”

म्हटलं होतं. दोन्ही वेळा पीठ मळता मळता, मान वर न करता.

नर्सने पेन खाली ठेवलं. आईने कागद स्वतःकडे ओढला. वाचायला तिला धड येत नव्हतं, खुणा तेवढ्या दिसल्या.

“हा माझा भरला,” ती म्हणाली. “हिच्यासाठी दुसरा आण.”

नर्स उठून गेली. आईने खुर्ची लेकीकडे वळवली.

“कधीपासून?”

आईच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. तिने एकेक करून गिळल्या.

नर्स कोरा कागद घेऊन परतली, ती दारातच थांबली. लेक बोलत होती.