पहिलीतलं इंग्रजी
जयमालाबाई बायबल सोप्या इंग्रजीत लिहीत होत्या. पहिलीतल्या पोरालाही कळावं इतक्या सोप्या. उतारा झाला की नवशिक्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचा आणि अर्थ विचारायचा, ही त्यांची रीत. त्यासाठीच त्या भर दुपारी दिघ्याला, त्यांच्याकडे शिकणाऱ्या राहीबाईंच्या खोलीवर आल्या. उंबऱ्याशी शाळेचे लहानसे बूट धूळ खात पडले होते. राहीबाईंची लेक पहिलीत असतानाच तापाने गेली, त्याला वर्ष झालं होतं. राहीबाई शब्दाखाली बोट सरकवत वाचू लागल्या. येशू मेलेल्या लाजरला थडग्याबाहेर बोलावतो, तिथे त्यांचा आवाज चढला. “कम आउट.” आतल्या पडद्याकडे बघत त्यांनी ते पुन्हा वाचलं. जयमालाबाईंनी सवयीने विचारलं, “अर्थ काय झाला?” पडदा हलला. “बाहेर ये म्हनत्यात,” आतून बारीक आवाज आला. राहीबाईंनी पदराने बूट पुसले आणि पडद्यापाशी नीट जोडून ठेवले.