ओठांशी जुळणारं वाक्य

वसुधाताईंनी लॅपटॉपवरची जर्मन मालिका थांबवली. पडद्यावरच्या बाईनं विधुर शेजाऱ्याला कॉफी देताना काहीतरी हळूच म्हटलं होतं. मराठी डबिंगचे संवाद वसुधाताईच लिहायच्या. जर्मनमध्येही आपल्यासारखं तू-तुम्ही असतं, आणि इतके भाग त्याला 'तुम्ही' म्हणणारी ती बाई आज 'तू'वर आली होती.

समोर दामले मटार सोलत होते. उतारवयात दोघांनी लग्न केलं त्याला वर्ष झालं, तरी घरात दोन्हीकडून 'तुम्ही'च चालायचं. आधी सुरुवात कोणी करायची, यावर गाडं अडलेलं.

"दामले, मी लिहिलेलं हे वाक्य जरा मोठ्यानं वाचता का? तिच्या ओठांशी जुळतंय का बघते."

त्यांनी संवादांचा कागद पुढे सरकवला, लॅपटॉप दोघांना दिसेल असा वळवला आणि तो प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लावला. दामल्यांनी चष्मा सारखा करून वाचलं, "आजपासून मला तू म्हण."

"पुन्हा एकदा."

त्यांनी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा म्हणताना मात्र त्यांचं लक्ष पडद्याकडे नव्हतं, वसुधाताईंकडे होतं.

वाक्य खरं तर पहिल्याच खेपेला जुळलं होतं. वसुधाताईंनी लॅपटॉप मिटला आणि मटारांचं ताट धरलं.

"दे इकडे," त्या म्हणाल्या, "निम्मे मी सोलते."