राजाच्या पोटातली सुरी

पोटात सुरी बसली तेव्हा राजा गायला लागला.

राजा म्हणजे हलत्या चित्रातला कोंबडा. जामखेडच्या बाजारतळावर दोन बांबूंना ताणलेल्या चादरीवर तो मुकुट सावरत विलायती भाषेत वरच्या पट्टीत गात होता. लढाईला मदत करा म्हणून सांगणारी सरकारी फिल्म नंतर होती. तोवर गर्दी बसून राहावी म्हणून आधी हा कोंबडा. साहेबाच्या मुलखात गाण्याची नाटकं असतात म्हणे, त्यांची ही थट्टा. भोंग्यातून ती मराठीत समजावून सांगायला मिशन शाळेचे एलिया मास्तर आणले होते.

"राणीच्या भावानं राजाला भोसकलं," मास्तर म्हणाले. "राजा आता मरतो आहे."

लोक हसले. शेजारच्या खुर्चीतले आबासाहेब फौजदार हसले नाहीत.

"मास्तर, राजा मरतोय आणि रयत हसतेय. तुमच्या शाळेचा एक मास्तर ऑगस्टच्या चळवळीपासून आत आहे. सोबत जायचंय?"

"कोंबडा आहे, साहेब."

"मुकुट आहे ना डोक्यावर? मग मरायचं नाही."

मास्तरांनी भोंगा पुन्हा तोंडाला लावला. "मंडळी, राजाला किरकोळ लागलं आहे."

"तरीच!" पुढून गोजरबाई म्हणाली. "न्हाईतर एवढा दम कुठनं यील?"

तिसरं कडवं संपवून राजा आडवा झाला. राणी विष पिऊन, गाऊन त्याच्यावर पडली. भावानं सुरी उपसून स्वतःच्या पोटात घातली, तोही गायला.

"मेला की वो राजा!"

"नाही बाई. पडलाय जरा."

"आन ही दोगं?"

"तीही दमलीत. गाणं फार झालं."

फौजदारांनी समाधानानं पानाचा डबा उघडला.

चादरीवरच्या नाटकाचा पडदा पडला आणि पुन्हा वर गेला. मेलेली तिघं उठून ओळीनं उभी राहिली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"पाहा मंडळी, राजा खुशाल आहे!"

राजानं मुकुट काढून छातीशी धरला आणि बाजारतळावर बसलेल्या अख्ख्या जामखेडला कमरेत वाकून मुजरा केला. मग आणखी एकदा, जरा जास्तच खाली.

गोजरबाई लगबगीनं उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"राहू द्या महाराज," ती म्हणाली, "राहू द्या!"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

"राजा? रयतेपुढं वाकतो?" फौजदारांच्या हातातलं पान तसंच राहिलं. ते मास्तरांच्या कानाशी वाकले.

"मेला म्हणून सांगा. ताबडतोब."