मिरियमच्या जाळीतलं तरस

कुत्र्यानं तरसाची मान धरून दोनदा झटकली आणि ते जनावर एकदम सैल पडलं. पाय ताणले, जीभ बाहेर आली, पाठीवरची उभी आयाळ खाली बसली. कुत्र्यानं हुंगून पाहिलं आणि मग बाजूला जाऊन धापा टाकत बसला.

"संपलं," मदतीला आलेला केरू म्हणाला.

आयझॅक बापाच्या कबरीच्या कट्ट्यावर टेकला होता. कबरीवर बसू नये हे त्याला कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते, आणि बाप काही आता उठून ओरडणार नव्हता. निडी गावाच्या अलीकडच्या टेकाडावरच्या त्या ज्यू कब्रस्तानात त्याचे सगळे लोक होते. मातीच्या वर तेवढा तो एकटा उरला होता. परवा तोही जाणार, मुलाकडं, इस्रायलला. खाट गावातल्या हिरामणकडं गेली होती, भांडी वाटून झाली होती. निरोप घेऊन घेऊन माणूस पार शिणला होता. एवढं एक काम मागं राहिलं होतं.

काम त्यानंच सांगितलेलं. गेल्या आठवड्यात मिरियमच्या कबरीशेजारी त्याला एक हाड सापडलं, चांगलं हातभर, मधोमध फोडलेलं. तेव्हापासून बायकोला कुणीतरी उकरतंय, याशिवाय दुसरं काही त्याच्या डोक्यात येईना. तिला असं टाकून विमानात बसायचं तरी कसं? तो हिरामणच्या दारात गेला आणि म्हणाला, "जायच्या आधी एवढं मारून दे बाबा."

हिरामण आता कोयत्यानं करवंदीची जाळी तोडत होता. जाळीही आयझॅकचीच. मिरियमला मातीत ठेवलं तेव्हा कोल्ह्या-तरसांनी उकरू नये म्हणून त्यानं वर काटे पसरले होते. तेवढ्यानं जिवाला चैन पडेना, म्हणून कबरीमागं करवंदी लावली. ती वाढत वाढत डोक्याएवढी झाली, आणि आज तिच्याच मुळाशी बीळ निघालं. म्हणजे ज्याला लांब ठेवायचं त्यालाच यानं हातानं घर करून दिलं होतं. शाबास रे आयझॅक.

हिरामणनं काठी घालून बिळाच्या तोंडातलं सगळं बाहेर ओढलं. एक शिंग निघालं. फोडलेली हाडं निघाली, चामड्याची अर्धी चप्पल निघाली, आणि नाल ठोकलेला एक खूर. खूर त्यानं उलटसुलट करून पाहिला आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"काका, हा माझा बैल हाय," तो म्हणाला. "पावसात मेला त्यो. वढ्यावर टाकलेला."

आयझॅकनं हात पुढं करून खूर मागून घेतला.

"मानसाचं काय नाय हितं. काकींची माती हाललीसुदीक नाय. बघा तुमी."

आयझॅकनं पाहिलं. कबर होती तशी होती. त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण मारायला सांगायचं कारणच उरलं नव्हतं. नजर फिरवली तर समोर तरस पडलेलं. पोटाखाली भरलेली आचळं होती, दुधानं ओली. एक माशी डोळ्याशी बसली आणि पापणी हलली. अगदी एवढीशी.

तरस मेल्याचं सोंग घेतं, असं बाप सांगायचा. बापाच्या पुष्कळ थापांतली ती एक, असं आयझॅक जन्मभर समजत आला होता.

केरूनं पहार उचलली. "एक घाव घालतो. खात्री झालेली बरी."

"नको." आयझॅक उठून उभा राहिला. "कब्रस्तानात रगत नको. मेलंय ते. दिवस बुडाला की माझा शब्बाथ लागंल. जा तुम्ही घरी."

"आन ह्ये?"

"मी पुरतो."

"तुमी?" केरूला हसू आलं. "येवढं धूड?"

"इथल्या सगळ्यांना मीच पुरलंय, केरू."

हिरामणनं आयझॅककडं पाहिलं, तरसाकडं पाहिलं, मग पुन्हा आयझॅककडं. त्यानं केरूच्या हातातली पहार काढून घेतली, कुत्र्याच्या गळ्यात दोरी अडकवली आणि दोघांना घेऊन तो टेकाड उतरला.

खालून रोह्याची गाडी गेली. तिचा आवाज विरला तेव्हा तरसानं डोळा उघडला. ती मादी आयझॅककडं बघत राहिली, आणि तोही तिच्याकडं. पळायची ताकद दोघांतही नव्हती. मग ती उठली, पुढचा एक पाय उचलून धरत, लंगडत बिळात शिरली. आतून पिलांची बारीक कुंईकुंई ऐकू आली.

सूर्य गेला होता. घरी दिवा लावायची वेळ टळली. मिरियम असती तर हाका मारमारून तिनं जीव नकोसा केला असता. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारभर, कामाची काडी उचलायची नाही. पिढ्यानपिढ्या तेल गाळणाऱ्या त्याच्या घराण्यानं या दिवशी घाणा कधी फिरवला नव्हता. तरी आज आयझॅकनं हिरामणनं तोडलेल्या फांद्या एकेक करून ओढत आणल्या आणि जायला-यायला वाट ठेवून बिळाभोवती पुन्हा रचल्या. काट्यांनी हात सोलवटून निघाले.

मग भेटून गेल्याची खूण म्हणून, त्यांच्या रीतीप्रमाणं, एक दगड उचलून त्यानं मिरियमच्या उशाशी ठेवला.

"मी चाललो गो," तो म्हणाला. "आपलं माणूस आता इथं कुणी नाय. पण शेजार हाय. घाबरू नको."