घट्ट बर्फावरची जोडी

कोरिनचा हात गेला तो नेमका नको त्या जोडीवर, आणि नरेल गप्प राहिली.

ऑस्ट्रेलियातल्या जिंडाबाइनच्या तळ्याकाठच्या त्या दुकानात स्की भिंतीला टेकवून ओळीनं उभ्या होत्या. कोरिननं उचलली ती जोडी सगळ्यांत देखणी होती. नारिंगी, कंबरेत रुंद, टोकाशी वर उचललेली, हाताला हलकी. भुसभुशीत ताज्या बर्फावर ती होडीसारखी तरंगली असती. पण ताजा बर्फ होता कुठं? ऑगस्ट, म्हणजे इथला ऐन हिवाळा, अर्धा सरला तरी आभाळानं उघडीप दिली होती ती दिलीच. वर डोंगरावर दिवसा पाझरायचं, रात्री गोठायचं, आणि सकाळी उतार घोटलेल्या फरशीसारखे. असल्या बर्फात रुंद स्कीची कड रुतत नाही, निसटते. नरेलला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

म्हणूनच तर ग्लेनिसनं तिला बोलावून घेतलं होतं. मुलं लहान होती तेव्हापासून दोघी मैत्रिणी दर मंगळवारी डोंगरावर जात. यंदा नरेलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मंगळवार चुकला नाही, फक्त नरेल चुकली. तिच्या जागी आता कॅनबेराहून नव्यानं राहायला आलेली कोरिन जात होती. काल ग्लेनिसनं फोन केला, की बिचारी भाड्याच्या स्कीवर किती दिवस काढणार, तिला स्वतःची जोडी घ्यायचीय, तुझ्याइतकं यातलं कुणाला कळतं, येशील ना. सवतीची साडी निवडायला निघावं तशी नरेल निघाली होती.

बाकावर पाय लांब करून ती बघत बसली. कोरिनच्या बुटाचा चाप लागेना, तेव्हा ग्लेनिस खाली बसली आणि तिनं तो लावून दिला. कोरिन तिला 'ग्लेन' म्हणत होती. नरेलनं पूर्वी एकदा ग्लेन म्हणून पाहिलं होतं, तर बाईसाहेब दिवसभर फुरंगटून होत्या. आता हसत होत्या. गेल्या मंगळवारी डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा मध्येच अडकला आणि दोघींनी वर लोंबकळत एक थंडगार खिमा-पॅटिस अर्धा-अर्धा खाल्ला, ही गोष्ट तर दोघी मिळून सांगत होत्या, एकीचं वाक्य दुसरी पुरं करत. नरेल ऐकत होती. हसायचं तिथं हसत होती.

"या कशा वाटतात तुला?" कोरिननं ती नारिंगी जोडी तिच्यापुढं धरली.

"छान आहेत," नरेल म्हणाली. "शोभतात तुला."

तसं ते खोटंही नव्हतं. शोभत होत्या.

काउंटरमागून दुकानदार डंकन सध्याच्या बर्फाविषयी काहीतरी सांगू लागला. ग्लेनिसनं त्याला थांबवलं. नरेल म्हणाली म्हणजे झालं, तिच्या शब्दावर आपण डोळे मिटून डोंगर उतरतो, असं ती त्याला म्हणाली. मग कोरिनकडे वळून उद्याचा बेत सांगू लागली. उद्या मागच्या उतारावरून जायचं, झाडांच्या कडेकडेनं.

मागचा उतार नरेलच्या तळपायांना पाठ होता. दुपारपर्यंत तिथं ऊन पोचत नाही. वळणावर बर्फ करडा पडलेला असतो, आणि वळण चुकलं की समोर नुसते दगड आणि निलगिरीचे बुंधे. आधी तिला कोरिन बूड आपटून बसलेली दिसली. ग्लेनिस वैतागून वर बघतेय, पुढच्या मंगळवारी हिला आणायला नको असं मनात म्हणतेय. हे चित्र तिला आवडलं. पण ते तिथं थांबेना. कोरिन घसरतच राहिली, थेट बुंध्यांपर्यंत.

"ठेव त्या," नरेल म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं. ती लंगडत उठली आणि कोपऱ्यातली एक काळपट जोडी ओढून काढली.

"या घे. कंबर बारीक आहे, आत धातूचा पत्रा आहे. जड वाटतील. पण घट्ट बर्फावर थरथरणार नाहीत, कड धरून ठेवतील. ताजा पडला तर थोडा घाम निघेल तुझा. तो पडेल तेव्हा बघू." मग डंकनला तिनं सांगितलं, की देण्याआधी कडांना नीट धार लावून दे.

कोरिन काळ्या जोडीकडे बघत राहिली. "मग मघाशी त्यांना छान का म्हणालीस?"

"मघाशी मी स्कीकडे बघत नव्हते," नरेल म्हणाली. "तुमच्याकडे बघत होते."

ग्लेनिस पुन्हा खाली बसून कोरिनच्या बुटाचा चाप सोडवू लागली. मघाशी पटकन लागलेला चाप आता तिच्याच्यानं सुटेना.

डंकन जोडी घेऊन धार लावायला आत गेला. कोरिननं आभार मानले, अगदी मनापासून, आणि ते नरेलला जास्तच लागलं. ती दारापर्यंत गेली. मग थांबली.

"आणखी एक," ती कोरिनला म्हणाली. "उतारावर हिच्या डाव्या हाताला राहू नकोस. डावीकडे वळताना ही मागं बघत नाही."

"बघते की मी," ग्लेनिस खालूनच म्हणाली. "इतकी वर्षं जातोय आपण. कधी धडकलेय तुला?"

"नाही," नरेल म्हणाली. "दर वेळी मी बाजूला होते."