कोणत्या कार्डात दिसतील?

आबांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं, तसं वीरधवलनं विश्रामबागेतल्या दुकानातून कॉम्प्युटरचं आणखी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं आणि बहिणीच्या बारशाचा तोच धुरकट व्हिडिओ दोन्ही कार्डांवर साफ करून बघितला. आधीच्या कार्डानं अख्खी दुपार खाल्ली होती. ह्यानं चहा निवायच्या आत पाळण्याची झालरसुद्धा लख्ख दाखवली.

शेजारी बसलेल्या लीलाबाईंची नजर मात्र पडद्यावर काहीतरी शोधत होती.

"आवाज येतुया की रं तुज्या आबांचा, मग मानूस का दिसंना? ह्येच्यापरास भारी कार्ड मिळंल का?"

"मिळंल की, आई. बघतो," वीरधवल म्हणाला.



त्या दिवशी शूटिंग आबाच करत होते, हे काही त्याच्यानं सांगवेना.